रेणूच्या प्रबंधातला पाचवा कंट्रोलर

रेणू,

तू गेल्याला आज सेहेचाळीस दिवस झाले. तुझी आई म्हणते, मोजत बसू नका. पण माझी सगळी नोकरी मोजण्यात गेली. दोन विमानांमधलं अंतर, पुढचं उतरायला किती मिनिटं, आपल्या जागी दुसरा यायला किती वेळ. आता मोजायला हे एवढंच उरलंय, तर मोजतो.

रामकुंडावर गुरुजींनी तुझं नाव विचारलं आणि मला ते आठवेना. एकेका वेळी चौदा-पंधरा विमानं त्यांच्या नावानिशी डोक्यात धरणारा माणूस मी. तोंड उघडलं, पण आतून काही आलंच नाही. शेवटी मागून अण्णा बोलले, "रेणुका. रेणुका नाव हाय पोरीचं." निफाडला द्राक्षांची छाटणी अर्ध्यात टाकून तुझे काका आले होते. त्यांच्या हातांना अजून बागेचा वास होता. माझी ही फजिती मी कुणाला सांगितली नाही. तुला मात्र सांगितली असती. तू हसली असतीस आणि लगेच विचारलं असतंस, "नेमकं किती सेकंद आठवलं नाही, बाबा?"

तुझ्याबद्दल सगळे खूप चांगलं बोलून गेले. तू हुशार होतीस, मुलांना जीव लावून शिकवायचीस, कुणाला दुखवलं नाहीस. मी मान हलवत बसलो. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, मला त्याबद्दल बोलायचं आहे.

पीएचडीचा विषय तू जेवताना सांगितलास. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या मेंदूवरचा भार आधीच ओळखता येईल का, असा काहीतरी तो होता. मी हसलो होतो. तुझ्या कॉलेजातले इतर लोक द्राक्षांवरचा रोग फोटोवरून ओळखायची यंत्रं करत होते. मी म्हटलं, तसलं काही कर, अण्णांना तरी उपयोग होईल. तू म्हणालीस, मला हेच करायचंय. त्या एका वाक्यापलीकडे तू कारण दिलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. मनातून मात्र मी खूश होतो. कुणी घरी आलं की चहाचा कप हातात पडायच्या आत मी सांगत असे, आमची रेणू माझ्या नोकरीवर संशोधन करतेय.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या निवृत्तीतली सगळ्यात चांगली वर्षं. तू वही घेऊन समोर बसायचीस आणि मी बोलायचो. तू म्हणायचीस, माणूस आत्ता दमलाय हे कुणीही मोजेल. मला ते दहा मिनिटं आधी कळायला हवंय, म्हणजे त्याच्या मदतीला कुणाला तरी बसवता येईल. मी तुला सांगितलं की विमानं मोजून काही कळणार नाही. स्वच्छ आकाशात एका रांगेत येणारी वीस विमानं सोपी असतात, आणि एका कोपऱ्यात ढग असताना आलेली चार अवघड. मी हेही सांगितलं की गर्दी वाढली की चांगला कंट्रोलर कंजूष होतो. आधी तो पायलटला नमस्कार म्हणतो, निरोप देताना शुभेच्छा देतो. मग नमस्कार जातो, शुभेच्छा जातात, उरतात फक्त आकडे. तू पेन थांबवून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बाबा, हे पुस्तकात कुठेच नाहीये."

महिनाभराने तू कॉलेजातून फोन केलास. रेकॉर्डिंगमधले नमस्कार तू खरोखरच मोजले होतेस. भार वाढण्याच्या कितीतरी आधी ते कमी होत होते. तुझ्या कॉम्प्युटरने निवडलेल्या खुणांमध्ये ती खूण वरच्या जागी होती. तुझा आवाज असा होता की मी उभा राहूनच ऐकलं. मग घरात तो विनोदच झाला. मी कधी तुसडेपणाने बोललो की तू आईकडे बघून म्हणायचीस, आज बाबांकडे नमस्कार नाही. तेवढ्यावर माझा राग जायचा.

मग तू निवृत्त कंट्रोलरांवर प्रयोग करायचं ठरवलंस. चौघे बाहेरगावचे होते, माझ्याच बरोबरीचे. पाचवा मिळेना. वडील घेतले तर चालतील का, असं तू तुझ्या गाईड मॅडमना विचारलंस आणि त्या म्हणाल्या, चालेल, फक्त तशी नोंद ठेव. असा मी तुझ्या प्रबंधात पाचवा झालो.

तो दिवस मला चांगला आठवतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू रडारसारखा पडदा लावला होतास. पलीकडच्या खोलीत तुझे सहकारी पायलट बनून बसले होते. छातीभोवती ठोके मोजायचा पट्टा तू स्वतः बांधलास. तुझी बोटं गार होती. तीन वर्षांनी मी हेडसेट कानावर चढवला आणि मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. दर चार मिनिटांनी एक बारीक आवाज व्हायचा आणि काम किती जड वाटतंय याचा एक ते सातमधला आकडा मला दाबायचा होता. मी दोन दाबला, तीन दाबला, परत दोन दाबला. पाऊण तासाने मी उठलो तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना तू मला गंगापूर रोडला मिसळ खायला घेऊन गेलीस. मी सगळा वेळ बोलत होतो. तू कमी बोलत होतीस, हे आत्ता लक्षात येतंय.

पुढच्या रविवारी दुपारी तू लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवलास. समोर आई मेथी निवडत होती. श्रावण होता, त्यामुळे घरात उपासाच्या खिचडीचा वास होता. तू मला दोन रेघा दाखवल्यास. एक रेघ मी दाबलेल्या आकड्यांची, सपाट. दुसरी रेघ तुझ्या यंत्राने काढलेली, चढत गेलेली, आणि सगळ्यात उंच टोकावर दोन लाल ठिपके. मी विचारलं, हे काय. तू म्हणालीस, इथे पायलटने तुमची सूचना परत म्हणताना उंची चुकीची म्हटली आणि तुम्ही ती चालू दिलीत. दोनदा. आणि दोन्ही वेळा तुम्ही दोन दाबलंय.

मी म्हणालो, "पडद्यावरची खोटी विमानं होती ती. खरी असती तर माझं लक्ष गेलं असतं."

"खोटी होती म्हणूनच चुकून चाललं, बाबा."

आईचे हात थांबले. तू अगदी हळू बोलत होतीस. पाचही जणांचं तसंच झालंय, असं तू सांगितलंस. माणूस टोकाला पोचला की त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं, हेच तर दाखवायचंय. मला ते पटलं नाही. खरं म्हणजे मला ते ऐकूनच घ्यायचं नव्हतं. मी तीस वर्षं त्या खुर्चीत बसलो होतो आणि तू एकदाही नाही, हे मी तुला सुनावलं. आपल्या डोक्यावर किती चढलंय हे खऱ्या कंट्रोलरला नेहमी कळतं, असं म्हणालो.

तू विचारलंस, "एकदाही असं झालं नाही, की तुम्हाला कळलं नाही?"

मी म्हणालो, "एकदाही नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग तू लॅपटॉप मिटलास आणि आईच्या पुढ्यातली मेथी निवडायला घेतलीस.

त्यानंतर दोन महिने मी तुझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. बाकी सगळं बोलायचो, दूध आणलं का, गाडीत हवा कमी आहे, मावशीचा फोन येऊन गेला. तू एक प्रकरण छापून माझ्या खुर्चीवर ठेवलंस. मी त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं वर्तमानपत्र. तू ते कागद तिथून हलवले नाहीस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू पंचवटीत झेंडू विकायला बसलेल्या तुझ्या मामांकडे गेलीस आणि तुझा तो पट्टा त्यांच्या छातीला बांधलास. सकाळपासून दुपारपर्यंत गिऱ्हाइकांचा गराडा, रिक्षांचे हॉर्न, वजनकाटा, सुट्ट्या पैशांची ओरड, आणि मामांचे ठोके काही केल्या वाढेनात. तू त्यांना विचारलंस तर म्हणे ते म्हणाले, मला गर्दीत लय बरं वाटतं, घरी बसलो की धडधडतं. आई मला हे स्वयंपाकघरात सांगत होती आणि मला हसू आवरेना. तू बाहेरच्या खोलीत होतीस. मी तोंडावर टॉवेल धरला. ते हसू मी तुला ऐकू दिलं नाही, रेणू. या सेहेचाळीस दिवसांत मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे.

आता ते सांगतो जे तुला सांगायला हवं होतं.

तू आठवीत होतीस. आपण तेव्हा मोठ्या शहरातल्या विमानतळाच्या वसाहतीत राहायचो. सकाळपासून प्रचंड गर्दी होती. ढगांमुळे विमानं वळसे घेत होती आणि मी सलग दीड तास बोलत होतो. दुपारी गर्दी ओसरली. पडद्यावर चारच विमानं उरली. मी खांदे सैल सोडले, पाणी प्यायलो. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, थोडा वेळ मी बसू का. मी म्हणालो, आता काय, आता तर आराम आहे. त्यानंतर सहा-सात मिनिटांत मी एका विमानाला खाली उतरायला सांगितलं, आणि ज्या उंचीवर सांगितलं तिथे दुसरं विमान समोरून येत होतं. त्याला ती उंची मीच थोड्या वेळापूर्वी दिली होती. पडद्यावर दोन्ही ठिपके दिसत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला ते दिसत होते आणि काहीही कळत नव्हतं.

शेजारच्याने माझ्या हातावर हात मारला. मी एकाला उजवीकडे वळवलं, दुसऱ्याला वर घेतलं. दोन्ही सुखरूप उतरली. आतल्या माणसांना कुणाला पत्ताही लागला नसेल. कुणी आपली बॅग शोधत असेल, कुणी रिक्षा. मी हेडसेट काढला आणि खुर्ची शेजारच्याला दिली.

नियमाप्रमाणे चौकशी झाली. ती पूर्ण होईपर्यंत मला रडारवर बसू दिलं नाही. तीन आठवडे मी घरी होतो. तुला मी सांगितलं की रजा घेतलीय. तुझी मे महिन्याची सुट्टी होती. आपण निफाडला गेलो, तिथून वणीला गडावर. तू एका दमात पायऱ्या चढलीस आणि वरून ओरडलीस, बाबा, तुमची विमानं इथून जवळ आहेत. मी तुला अण्णांच्या बागेच्या बांधावर सायकल शिकवली. पुढे कितीदा तरी तू म्हणालीस की लहानपणीचे तेच दिवस सगळ्यात छान होते. प्रत्येक वेळी मी हसायचो आणि विषय बदलायचो. मला वाटायचं, पोरीचा सगळ्यात सुखाचा महिना माझ्या एका चुकीवर उभा आहे आणि तिला ते माहीत नाही.

चौकशीत मी खरं तेच सांगितलं होतं. कामाचा ताण वाटत होता का, असं विचारलं तेव्हा म्हणालो, नाही, त्या वेळी काम अगदी हलकं वाटत होतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मला परत प्रशिक्षण दिलं, परत बसवलं आणि पुढे निवृत्तीपर्यंत काही झालं नाही. म्हणजे तुझ्या सगळ्या प्रबंधाचा पुरावा मी स्वतःच होतो. तू रेघ दाखवलीस तेव्हा मी क्षणात ओळखलं ते. म्हणून तर एवढा चिडलो.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तू डोकं धरून घरी आलीस. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणालीस. ताप होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, डेंग्यू निघाला. आपल्या गल्लीत आणखी तिघांना झाला होता आणि तिघेही बरे झाले होते. रोज तपासणीला यायचं, पाणी पीत राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई तुझ्या उशाशी बसून होती. मी दारात उभा राहायचो, कसं वाटतंय विचारायचो. तू म्हणायचीस, ठीक आहे.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. तू उठून बसलीस, केस विंचरलेस. मी विचारलं तर म्हणालीस, "आज एकदम हलकं वाटतंय, बाबा." आज तपासणीला नको, उद्या जाऊ, असंही तू म्हणालीस आणि मला ते बरोबर वाटलं. मी आईला सांगितलं, सुटलो. मी भाजी आणायला गेलो. येताना तुझ्यासाठी शहाळं घेतलं. दुपारी तू पोटात दुखतंय म्हणून कूस बदलत होतीस आणि म्हणत होतीस, काही नाही, कमी खाल्लंय ना म्हणून. मी तुझा हात धरला तर तो गार होता. मला तो पट्टा बांधतानाचा हात आठवला आणि वाटलं, हिचे हात गारच असतात.

संध्याकाळी तू उभी राहायला गेलीस आणि कोसळलीस.

डॉक्टरांनी त्यांच्याकडून होतं ते सगळं केलं. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं की या आजारात ताप असतो तेव्हापेक्षा तो उतरतो तेव्हा जास्त जपावं लागतं. माणसाला बरं वाटतं आणि आत सगळं सुटत जातं. ते बोलत होते आणि मला त्या दुपारचा चार ठिपक्यांचा पडदा दिसत होता.

अतिदक्षता विभागात मला एकदा आत सोडलं. पाच मिनिटं, असं सिस्टरने सांगितलं होतं. तुझ्या नाकाला नळी होती, पण तू शुद्धीत होतीस. मी ठरवून आत गेलो होतो की आता सांगायचं. वाक्य तयार होतं. तू डोळे उघडलेस आणि मी तुला सांगितलं की आपल्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त झाली. सांगितलं की अण्णा येतायत. सांगितलं की तुझ्या गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही घरी जाऊन जेवा. मी बरी आहे." मी मान डोलावली. पाच मिनिटं संपली.

तेरावं झाल्यावर तुझ्या मॅडम आल्या. तुझ्या टेबलावरच्या वस्तू एका पिशवीत घालून आणल्या होत्या, चष्म्याची डबी, दोन वह्या, सुपारीचा डबा. तू सुपारी खायचीस हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आईला तेवढ्यात रडताना हसू आलं. मॅडम म्हणाल्या की प्रबंध आता पूर्ण होणार नाही, पण झालेलं काम रेणूच्या नावाने छापायचं आहे. त्यात तुमचीही नोंद आहे. तुमची हरकत असेल तर ती काढून टाकू. मी ताबडतोब म्हणालो, काढून टाका. त्यांनी ठीक म्हटलं. चहा घेतला आणि गेल्या.

दार लागल्यावर तुझी आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "अहो, तिला माहीत होतं."

मी विचारलं, काय माहीत होतं.

मग तिने सांगितलं. तू आठवीत असतानाच वसाहतीतल्या एका मुलीने तुला खेळताना सांगितलं होतं की तुझ्या बाबांनी दोन विमानं आपटवली असती. तू रडत घरी आलीस. आईने तुला सगळं खरं सांगितलं. तू डोळे पुसलेस आणि आईकडून वचन घेतलंस की मला माहीत आहे हे बाबांना कळू द्यायचं नाही. त्यांना वाईट वाटेल. ते मोकळे झाले की स्वतः सांगतील. वणीच्या पायऱ्या तू चढलीस ते हे माहीत असताना. बांधावर सायकलवरून पडलीस, हसलीस, परत बसलीस, तेही. मला करमावं म्हणून तेरा वर्षांची पोर माझी करमणूक करत होती, आणि मला वाटत होतं की मी तिला फिरवतोय.

"विषय तिने त्यासाठीच घेतला," आई म्हणाली. "मला म्हणाली होती, बाबा निष्काळजी नव्हते हे मला आकड्यांत दाखवायचंय. कुणाचंही तसंच झालं असतं."

रेणू, तू मला चूक ठरवत नव्हतीस. तू मला सोडवत होतीस. सोळा वर्षं तू माझ्या तोंडून एक वाक्य यायची वाट बघितलीस, आणि त्या रविवारी ते विचारून मोकळी जागाही करून दिलीस. मी म्हणालो, एकदाही नाही. आणि तू मेथी निवडायला घेतलीस.

आईचं ऐकून मी उठलो. खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि खालचं तुझं प्रकरण वाचलं. सगळं समजलं असं नाही. त्यात बरंच गणित आहे. पण एका पानावर तू लिहिलंयस की नमस्काराची खूण एका अनुभवी नियंत्रकाने सुचवली आणि ती त्याच्याशिवाय सापडली नसती. नाव नाही घातलंस. ते पान मी कितीदा तरी वाचलं.

परवा मी रिक्षा करून तुझ्या कॉलेजात गेलो. मॅडमना सांगितलं की नोंद काढू नका आणि आणखी एक लिहून घ्या. त्यांनी रेकॉर्डर लावला. मी त्या दुपारचं सगळं सांगितलं. ढग, दीड तास, पाण्याचा घोट, शेजारच्याने विचारलेला प्रश्न, माझं उत्तर, ते दोन ठिपके. सांगून संपवलं. त्या चौकशीनंतर सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी पूर्ण सांगितलं, आणि तू नव्हतीस.

मॅडमनी रेकॉर्डर बंद केला. मग त्यांनी तुझी एक वही उघडली. शेवटच्या प्रकरणासाठी तू काही प्रश्न लिहून ठेवले होतेस. त्यातल्या एकापुढे उत्तराची जागा कोरी होती. त्यांनी तो मला वाचून दाखवला. यंत्राने दहा मिनिटं आधी ओळखलं की हा माणूस आता टोकाला जाणार, तर ते सांगायचं कुणाला. मग मॅडमनी विचारलं,

"काका, तुमच्या समोर तेव्हा तसा इशारा आला असता, तर तुम्ही उठला असता का?"

खोटं बोलायची आता गरजच नव्हती. म्हणालो, "नसतो उठलो. मला वाटलं असतं यंत्र बिघडलंय. शेजारच्याला सांगा. त्याला सांगा की याला विचारू नकोस, याला उठव."

मॅडमनी ते त्या कोऱ्या जागेत पेन्सिलने लिहिलं. खाली माझं नाव घालू का, असं विचारलं. मी म्हणालो, घाला. मग त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. वाटेत त्या काही बोलल्या असतील, मला आठवत नाही. मी माझ्याच वाक्यापाशी थांबलो होतो. त्या चौथ्या दिवशी सकाळी, तू केस विंचरत होतीस आणि तुला हलकं वाटत होतं, तेव्हा तुझ्या शेजारी मी होतो. मी तुला विचारलं. तू बरी आहेस म्हणालीस. मी शहाळं आणायला गेलो.

आईला हे मी बोललो. ती म्हणाली, मीही तिथेच होते.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, रेणू. मला कळलं नव्हतं. त्या दुपारी नाही, आणि तुझ्या वेळीही नाही.

तुझा,
बाबा